तिकीट खरे, दावा खोटा

वडिलांच्या अल्बममधले सर्वांत मानाचे पान गांधीजींचे होते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, भारत सरकारने काढलेली चार तिकिटे त्या पानावर होती : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. पहिली तीन वडिलांनी शाळकरी वयात जमवली होती. दहा रुपयांचे तिकीट मात्र १९८० च्या सुमारास, एका वर्षीचा दिवाळीचा बोनस घालून, एका व्यापाऱ्याकडून घेतले. 'कोरे, मागचा मूळ डिंक जसाच्या तसा' हे शब्द त्यांनी तिकिटाखाली आपल्या बारीक, उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहून ठेवले होते.

वडील गेल्यावर वाटणी झाली ती भांडणाशिवाय झाली. बहिणीने आईच्या पाटल्या घेतल्या, मी अल्बम घेतला. दोन्हींचे मोल साधारण सारखे, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. पुढे एका जाणकार स्नेह्यांना अल्बम दाखवला. त्यांनी दहा रुपयांचे तिकीट चिमट्याने उचलले, उलटे केले, भिंगाखाली धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी विचारले, "खरे आहे ना?" ते म्हणाले, "तिकीट खरे आहे. डिंक खोटा आहे."

हा लेख त्या दोन वाक्यांचा अर्थ लावताना झालेल्या वाचनातून आला आहे. 'हे तिकीट खरे की खोटे?' हा प्रश्नच अपुरा आहे, असे मला आता वाटते. विचारायला हवे ते असे, की या तिकिटाबद्दल जो दावा केला जातो आहे, तो खरा आहे का?

सरकारची भीती

टपाल तिकिटाचा जन्मच संशयाच्या वातावरणात झाला. मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेले 'पेनी ब्लॅक' हे जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा घालण्यामागे राजनिष्ठा होती, तसा एक व्यावहारिक विचारही होता. माणसाचा डोळा चेहऱ्यातला किंचित फरकही चटकन पकडतो. वेलबुट्टीतला फरक त्याला कळेलच असे नाही. शिवाय कागदात राजमुकुटाचे छोटे जलचिन्ह होते आणि तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरे होती. एका तावावर २० ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ तिकिटे. डावे अक्षर ओळ सांगणारे, उजवे अक्षर त्या ओळीतली जागा सांगणारे. म्हणजे तावावरच्या २४० तिकिटांपैकी प्रत्येकाला आपापला पत्ता होता.

ही सगळी तटबंदी नकली तिकिटाविरुद्ध होती. पण सरकारला खरा त्रास झाला तो दुसऱ्याच बाजूने. काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारत. लोक तो शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा वापरू लागले. तिकीट अस्सल, फक्त 'मी अजून वापरले गेलेलो नाही' हा त्याचा दावा खोटा. अखेर १८४१ मध्ये तिकीट लाल झाले आणि शिक्का काळा. पुढे ब्रिटनने शाईच अशी निवडली की शिक्का धुवायला गेले तर तिकिटाचाही रंग जावा. १८८३-८४ ची जांभळी-हिरवी मालिका याच हेतूने छापली गेली. आज त्या मालिकेतली हिरवी तिकिटे पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवणाऱ्या भाबड्या संग्राहकाच्या हाती फिकट चिठोरी येतात, ती या जुन्या सावधगिरीमुळे.

आपल्याकडच्या कायद्यानेही हा भेद सुरुवातीपासून ओळखला होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बनावट सरकारी तिकीट तयार करणे हा कलम २५५ खालचा गुन्हा होता, तर तिकीट वापरल्याची खूण पुसणे हा कलम २६३ खालचा वेगळा गुन्हा. खोटे बनवणे आणि खऱ्यात फेरफार करणे, या दोन गोष्टी कायदा करणाऱ्यांनी एकाच पोत्यात भरल्या नाहीत.

अक्षरांनी दिलेली साक्ष

टपालखात्यालाच फसवण्यासाठी केलेल्या बनावटीचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनच्या शेअर बाजारातले. १८७२-७३ मध्ये तिथल्या तारघरात तारेच्या अर्जांवर एक शिलिंगाची हिरवी तिकिटे लावली जात होती. अर्ज गिऱ्हाइकाच्या हाती परत जात नसे, त्यामुळे त्यावरच्या तिकिटाकडे दुसऱ्यांदा कोणी पाहत नसे. त्यांतली कित्येक तिकिटे बनावट होती. हे उघड झाले ते तब्बल २५ वर्षांनी, १८९८ मध्ये, चार्ल्स निसेन या तिकीटतज्ज्ञाने रद्दीत निघालेले जुने अर्ज चाळले तेव्हा.

चित्रकाम चांगले होते. फसले ते इतर गोष्टींत. अस्सल कागदात गुलाबाच्या डहाळीचे जलचिन्ह होते, या कागदात काहीच नव्हते. आणि कोपऱ्यांतली अक्षरे! तावाच्या एका ओळीत १२ तिकिटे, म्हणजे ओळीतली जागा सांगणारे अक्षर इंग्रजी वर्णमालेतल्या बाराव्या अक्षरापलीकडे जाऊच शकत नाही. बनावट तिकिटांतल्या काहींवर अशा जोड्या होत्या, की तसे तिकीट अस्सल तावावर असणे अशक्य. बनवणाऱ्याने अक्षरे नक्षी म्हणून पाहिली. तो पत्ता आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. तो कोण होता, हे अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही.

तिकिटांच्या सगळ्या परीक्षेचे सूत्र या एका प्रकरणात सापडते. नक्कल करणारा चित्राची नक्कल करतो, तर पारखी चित्र सोडून ते कसे तयार झाले याच्या खुणा शोधतो. कागद, छपाई, छिद्रे, डिंक, शिक्का ही एका प्रक्रियेची पावले आहेत. ती ठरावीक क्रमाने पडतात. खोटेपणा बहुधा क्रम चुकल्याने उघडा पडतो.

दोन कारागीर

तिकिटे जमवण्याचा छंद पसरला तशी बनावटीची दिशा बदलली. आता फसवायचे होते ते संग्राहकाला.

जिनिव्हाचा फ्रांस्वा फूर्निए हा या धंद्यातला सर्वांत उघड माणूस. महाग तिकिटे घेणे न परवडणाऱ्या संग्राहकांसाठी आपण 'प्रतिकृती' बनवतो, असे तो सांगे. त्यांच्या किमतींची यादीही छापत असे. त्याच्यापुरते पाहिले तर त्यात फसवणूक नव्हती : विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. पण तिकिटाला हात बदलायची सवय असते. पहिल्याने प्रतिकृती म्हणून घेतलेले तिकीट दुसऱ्याच्या अल्बममध्ये गेले, तिसऱ्याने तो अल्बम लिलावात घेतला आणि मधल्या कोणाच्या तरी मौनामुळे प्रतिकृतीचे अस्सल झाले. फूर्निए १९१७ मध्ये वारला. पुढे त्याचा उरलेला साठा जिनिव्हाच्या फिलाटेलिक संघटनेने ताब्यात घेतला आणि १९२८ मध्ये त्यातल्या नमुन्यांचे अल्बम तयार करून ते अभ्यासकांना दिले. आजही बनावट ओळखायला शिकणारे त्या अल्बमांचा आधार घेतात.

दुसरा, जाँ द स्पेराती, इटलीत जन्मलेला आणि फ्रान्समधल्या एक्स-ले-बँ इथे स्थायिक झालेला. त्याची करामत वेगळ्या पातळीची होती. तो त्याच काळातले एखादे स्वस्त, अस्सल तिकीट घेई आणि त्यावरचे चित्र रसायनांनी उडवून टाकी. मागे उरे तो अस्सल कागद, अस्सल जलचिन्ह, अस्सल छिद्रे. कधी कधी अस्सल शिक्कादेखील. मग त्या कागदावर तो महागड्या तिकिटाचे चित्र छापी. अशा तिकिटाला नकली म्हणायचे की फेरफार केलेले?

१९४२ मध्ये फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनी पोर्तुगालला चाललेले त्याचे एक पाकीट अडवले. मौल्यवान तिकिटे जकात न भरता देशाबाहेर पाठवल्याचा ठपका आला. ती मीच बनवली आहेत, त्यांना काही किंमत नाही, असे स्पेराती सांगत राहिला. तज्ज्ञांनी तपासून ती अस्सल ठरवली! आपला माल खोटा आहे हे सिद्ध करण्याची धडपड एखाद्या बनावटगाराला करावी लागावी, असा प्रसंग विरळाच. १९५० च्या दशकात ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठा आणि साधने विकत घेतली, तेव्हा कुठे हा उद्योग थांबला.

ही गोष्ट तज्ज्ञांची चेष्टा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातून वेगळी सूचना मिळते. कागद, जलचिन्ह आणि छिद्रे जुळली, एवढ्यावर निकाल देता येत नाही. छपाई स्वतंत्रपणे पाहावी लागते.

पाहायचे काय?

साधने थोडी आहेत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, छिद्रे मोजायची पट्टी, काळ्या रंगाची पसरट बशी, अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा आणि तुलनेसाठी त्याच मालिकेतले एखादे स्वस्त पण निःसंशय अस्सल तिकीट. यातले शेवटचे साधन सर्वांत महत्त्वाचे.

*छपाई.* कोरीव पट्टीवरून छापलेल्या तिकिटावर शाई किंचित उंचावलेली असते. तिरप्या उजेडात ती दिसते. उठावाच्या ठशाने छापताना शाई दाबाने रेषेच्या कडेला सरकते, म्हणून रेषेची किनार गडद दिसते. शिळाछापात सारे सपाट. फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये चित्र बारीक, सारख्या अंतरावरच्या जाळीने बनते. गांधीजींची १९४८ ची तिकिटे स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हायझिए या छापखान्यात याच पद्धतीने छापली गेली. तेव्हा त्यांतल्या एखाद्यावर भिंगाखाली आजच्या रंगीत छपाईतले निळे, गुलाबी, पिवळे ठिपके वेगवेगळे दिसले, तर पुढे तपासण्याचे कारण उरत नाही.

*कागद आणि जलचिन्ह.* तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवले की जलचिन्ह बहुधा दिसते. न दिसल्यास खास द्रवाचा थेंब टाकतात. मात्र काही छपाईच्या शाया अशा द्रवात विरघळतात, म्हणून आधी चौकशी करावी. पंचम जॉर्जच्या भारतीय तिकिटांत ही परीक्षा आपल्या घराजवळची आहे. लंडनला छापलेल्या तिकिटांत दर तिकिटामागे एकच तारा आहे. १९२६ पासून छपाई नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात सुरू झाली आणि त्या कागदात अनेक तारे विखुरलेले आहेत. चित्र तेच, पण पालथे केले की तिकीट आपले जन्मगाव सांगते. अर्थात जलचिन्ह दिसले नाही म्हणून तिकीट खोटे, असा नियम नाही. १८५४ च्या भारतीय तिकिटांच्या अख्ख्या तावात ईस्ट इंडिया कंपनीच्या चिन्हाचे एकच मोठे जलचिन्ह होते. त्याचा तुकडा एखाद्या तिकिटात येई, एखाद्यात येतही नसे.

अतिनील दिव्याखाली आणखी एक गोष्ट कळते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी चमकद्रव्ये साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात आली. एकोणिसाव्या शतकातले म्हणवणारे तिकीट दिव्याखाली निळसर-पांढरे झळाळले, तर सावध व्हावे. पण घाई नको : कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवलेले अस्सल तिकीटही तसेच चमकू शकते. पुसलेला शिक्का, जोडलेला कोपरा, बुजवलेले भोक हेही या उजेडात अनेकदा दिसते.

*कडा.* छिद्रांचे माप म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये येणारी छिद्रांची संख्या. १९४८ च्या गांधी तिकिटांचे माप साडेअकरा आहे. ते जुळले नाही तर प्रश्न संपला. फेरफार करणारा कधी छिद्रे कापून तिकिटाला 'विनाछिद्र' हे महाग रूप देतो, कधी सपाट कडेला नवी छिद्रे पाडतो. पहिल्यात तिकीट नेहमीपेक्षा अरुंद होते, म्हणून अशी तिकिटे जोडीनेच घ्यावीत असे जुने संग्राहक सांगतात. दुसऱ्यात दातांची टोके कात्रीने कापल्यासारखी बोथट दिसतात. ताव फाडून वेगळ्या केलेल्या तिकिटाच्या टोकांना कागदाचे बारीक तंतू असतात.

१८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाची कडा निराळ्या कारणाने पाहतात. लाल चौकट आणि निळे शिर अशा दोन रंगांत कलकत्त्याला छापलेले हे अष्टकोनी तिकीट लोक सर्रास अष्टकोनातच कापून वापरत. चौकोनी कापलेल्याला किंमत जास्त. मग अष्टकोनाला मागून कागद चिकटवून चौकोन करण्याचा मोह होतो. उजेडापुढे धरले की सांधा दिसतो.

*वरून मारलेला छाप.* जुन्या तिकिटावर नवी किंमत किंवा नवा शब्द छापला की त्याचे मोल शेकडो पटींनी बदलू शकते. बनावट करणाऱ्याला पूर्ण तिकीट बनवायची गरजच उरत नाही. चार-सहा अक्षरे पुरतात. दहा रुपयांच्या गांधी तिकिटांपैकी १०० तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीच्या वापरासाठी 'सर्व्हिस' हा शब्द छापला गेला. जगातल्या दुर्मिळ तिकिटांत त्यांची गणना होते आणि साध्या तिकिटांवर तोच शब्द छापण्याचा मोह किती मोठा असेल, हे सांगायला नको. गोव्यातही १८७१ पासून पोर्तुगीज भारताची स्वतःची तिकिटे होती आणि १८८१ नंतर त्यांच्यावर नव्या किमती छापल्या गेल्या. त्या छापांच्या नकला संग्राहकांना वर्षानुवर्षे भेटत आल्या आहेत. इथे क्रम पाहावा. खात्याने छाप मारायचा, मग तिकीट विकायचे, मग त्यावर शिक्का पडायचा. भिंगाखाली छापाची शाई शिक्क्याच्या शाईवर बसलेली दिसली, तर तो छाप तिकीट वापरून झाल्यावर मारला गेला आहे. ते खात्याचे काम असू शकत नाही.

*शिक्का.* साधारणपणे शिक्का पडला की किंमत उतरते. पण जर्मनीत १९२३ च्या महागाईत टपालाचे दर इतक्या वेगाने बदलले, की काही तिकिटे फार थोडे दिवस उपयोगात राहिली. कोरी तिकिटे ढिगाने उरली, रीतसर वापरलेली थोडीच. त्यामुळे तिथे कोरे तिकीट स्वस्त आणि वापरलेले महाग. मग शिक्केच बनावट झाले. तिकीट अस्सल, ते टपालातून गेले हा दावा तेवढा खोटा. अशा वेळी पाकिटासकट तिकीट असल्यास उत्तम : शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरलेला असावा, तारीख तिकीट निघण्याच्या आधीची नसावी आणि एकूण टपालखर्च त्या दिवशीच्या दराशी जुळावा.

डिंक

आता वडिलांच्या तिकिटाकडे येतो. पूर्वीचे संग्राहक तिकीट अल्बममध्ये लावताना मागे डिंकाचा छोटा दुमडलेला कागद लावत. त्याला सगळे 'हिंज' म्हणत. त्यात कोणाला गैर वाटत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाराची आवड बदलली. मागचा डिंक अस्पर्श असलेले तिकीट आणि हिंजची खूण असलेले तिकीट यांच्या किमतींत मोठे अंतर पडले. मग जुना डिंक धुऊन नवा चढवण्याचा उद्योग सुरू झाला.

तो ओळखायचा कसा? पुन्हा क्रम. छापखान्यात कागदाला डिंक आधी लागतो, छिद्रे नंतर पडतात. त्यामुळे फाटलेल्या दातांच्या टोकांवरचे तंतू मऊ, कोरडे असतात. नवा डिंक चढवला जातो तेव्हा छिद्रे आधीच असतात. तो दातांवरून ओघळतो, छिद्रांच्या कडेला थबकतो आणि टोके कडक होतात. स्नेह्यांनी मला तेच दाखवले. दहा रुपयांच्या तिकिटाची टोके बोटाला टोचत होती. शेजारच्या दीड आण्याच्या तिकिटाची टोचत नव्हती.

छपाई ठीक, छिद्रे साडेअकरा, रंग ठीक. गांधीजी अस्सल. कधीकाळी कुणा संग्राहकाने प्रेमाने हिंज लावून जपलेले तिकीट कोणीतरी धुतले आणि 'अस्पर्श' म्हणून विकले. माझ्या वडिलांना ज्याने विकले त्यालाही कदाचित ठाऊक नसेल.

प्रमाणपत्र आणि मौन

इतके वाचून घरच्या घरी निकाल देता येईल, असा समज कोणी करून घेऊ नये. मोठ्या किमतीच्या तिकिटाला तज्ज्ञ मंडळाचे छायाचित्रासह प्रमाणपत्र घ्यावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती हे काम करते. प्रमाणपत्रातले शब्द नीट वाचावेत. 'अस्सल' आणि 'अस्सल, डिंक नंतरचा' यांत एका स्वल्पविरामाचे आणि पुष्कळ पैशांचे अंतर असते. प्रमाणपत्रावरचे चित्र आणि समोरचे तिकीट छिद्रान्‌छिद्र जुळते का, तेही पाहावे. स्पेरातीच्या प्रकरणानंतर तज्ज्ञांचे मत हेही मतच असते, हे आपण जाणतो. तरी ते सही करून, नाव घालून दिलेले मत आहे. नाव न घालता फिरणाऱ्या मौनापेक्षा ते बरे.

मौनाचा अनुभव मलाही आला. तिकिटाची किंमत विचारायला एका दुकानात गेलो आणि डिंकाची हकीकत सांगितली. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "तुम्ही सांगितलेत म्हणून कळले. पुढच्याला कशाला सांगता?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. माझ्या वडिलांच्या आधीही कोणीतरी हाच विचार केला असणार, आणि त्याची किंमत एका घरातल्या दिवाळीच्या बोनसाने चुकवली होती.

बहिणीला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "पाटल्यांची घडणावळ तरी कुठे परत मिळते, दादा?" हिशेब तिथेच मिटला.

तिकीट विकले नाही. वडिलांच्या ओळीला हात लावला नाही, कारण त्यांनी लिहिले ते त्यांच्या माहितीप्रमाणे खरेच होते. तिच्याखाली पेन्सिलने एक ओळ वाढवली आहे : 'तिकीट अस्सल. डिंक नंतर चढवलेला.' खाली तारीख आणि माझे नाव. अल्बम पुढे कोणाच्या हाती जाईल ते ठाऊक नाही, पण त्या माणसाला दोन्ही ओळी एकत्र वाचायला मिळतील.